दोन ठोकळे, एक माणूस

१

हैदराबादहून पार्सल आलं ते शुक्रवारी सकाळी अकराला, आणि सव्वाअकराला करुणा गुन्हेगार ठरली होती. निदान नरसिंगच्या नजरेत तरी.

हिंगोलीच्या एसटी डेपोमागे एका गाळ्यात हे संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर एक टेबल, एक फ्रीज, लोखंडी कपाट आणि दोन माणसं. करुणा लॅब टेक्निशियन; नरसिंग पार्सलं बांधायचा आणि उरलेल्या वेळात पंख्याखाली बसून जगाची काळजी करायचा. जिल्ह्यातल्या ज्या पुरुषांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यांच्या काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असायचा. तो ठोकळा करुणानं घरोघरी जाऊन गोळा करायचा आणि हैदराबादच्या संस्थेकडे पाठवायचा. तिथले शास्त्रज्ञ त्या तुकड्यातल्या जनुकांच्या खुणा तपासून सांगायचे, की या माणसाचा आजार परतण्याचा धोका मोठा आहे की लहान. ज्योतिष नव्हतं ते. पण ज्याच्या घरी कागद जायचा त्याला काय फरक पडतो!

पार्सलमध्ये दोन ठोकळे परत आले होते आणि सोबत डॉक्टर प्रियदर्शनींची चिठ्ठी. ‘ह-७ आणि ह-११ हे नमुने एकाच व्यक्तीचे आहेत. खुलासा करावा.’

करुणानं वही उघडली. ह-७ म्हणजे जवळा बाजारचे व्यंकटराव. ह-११ म्हणजे नरसीचा जळबा. गावं वेगळी, घरं वेगळी, जाती वेगळ्या. तिनं लगेच फोन लावला.

“करुणा, एकच ठोकळा दोनदा कापून पाठवला नाहीस ना?” डॉक्टर बाईंनी शांतपणे विचारलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“नाही मॅडम.”

“मग ऐक. ह-७ चा अहवाल तीन आठवड्यांपूर्वीच गेलाय. धोका मोठा आहे. व्यंकटरावांना सोमवारी किरणोपचारासाठी इथे यायचंय. ह-११ चा अहवाल मी रोखून धरलाय. दोघांतल्या एकाला या किरणांची गरज नक्की आहे, पण ती कुणाला हे मला आज सांगता येत नाही.”

“रक्त जुळवलं तर?”

“दीड महिना लागेल. ऑपरेशनला आत्ताच सहा महिने होत आलेत. यापुढचा प्रत्येक आठवडा महाग आहे, आणि सोमवारनंतरची मोकळी तारीख मे महिन्यातली. चुकीच्या माणसाला किरण दिले तर त्याचं मूत्राशय, आतडं फुकट भाजेल. आणि ज्याला हवेत तो घरी बसून राहील.”

शुक्रवार निम्मा संपला होता. दोन्ही ठोकळ्यांवरची चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती.

२

“मी न्हाई बा,” नरसिंगनं विचारायच्या आधीच हात वर केले. “ठोकळे तुमी आनले, चिठ्ठ्या तुमी डकवल्या, लाख तुमीच लावली. मी निस्ती सुतळी बांधली.”

“मधे कपाट कुणी उघडलं?”

“किल्ली तुमच्या पर्समधी. मी काय भुताटकी करून राहिलो का?”

खरं होतं ते. नरसिंग आळशी होता, पण आळशी माणूस दोन ठोकळ्यांची अदलाबदल करायची मेहनत कशाला घेईल? आणि ही अदलाबदल नव्हतीच. अदलाबदलीत माणसं दोनच राहतात. इथे एक माणूस दोनदा आला होता आणि दुसरा नाहीसा झाला होता.

तिनं ठोकळे खिडकीशी नेले. साबणाच्या छोट्या वडीएवढे. मेण मुळात पांढरं असतं. हे दोन्ही पिवळट होते. ह-११ वर दवाखान्याचा नंबर पेन्सिलीनं लिहिलेला स्पष्ट दिसत होता. ह-७ वरच्या कागदी पट्टीचा तेवढा भाग खरवडल्यासारखा. वहीत तिनंच लिहून ठेवलं होतं, ‘अंक पुसट. लखोटा स्वच्छ.’

नियम सरळ होता: नंबर वाचता येत नसेल तर ठोकळा घ्यायचा नाही. मग घेतला का? तिला तो डिसेंबरचा दिवस आठवला. व्यंकटराव म्हणजे जवळा बाजारातलं बडं प्रस्थ. अशा घरांत करुणाला, तिचं आडनाव कळल्यावर, बहुधा अंगणातल्या खुर्चीवर बसवत आणि चहा कागदी कपात येई. पण द्वारकाबाईंनी, व्यंकटरावांच्या बायकोनं, तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. पाटावर बसवलं. घरच्या कपबशीत चहा दिला, वर तिळाची पोळी. त्या चहानंतर नंबर पुसट आहे म्हणून त्यांचा ठोकळा परत करायला तिची जीभ रेटली नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते हेच. तिनं वर आपली चिठ्ठी डकवली आणि निघाली.

आता तो चहा घशाशी आला होता.

३

शनिवारी ती जवळा बाजारला पोचली तेव्हा व्यंकटरावांच्या घराच्या वरच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

“तीन आठवडे झाले,” रुद्र म्हणाला. हा त्यांचा थोरला. अंगात कडक शर्ट, हातात मोबाईल. “कागद आला तवापासून आप्पा खाली उतरले न्हाईत. जेवन दाराशी ठिवायचं. तुमच्या कागदानं जित्या मानसाला कोंडून टाकलं बाई.”

करुणानं ते गिळलं. “रुद्रभाऊ, डिसेंबरात ठोकळा कपाटातनं कुणी काढला?”

“आईनं. किल्ली तिच्या कमरेला असती. का बरं?”

“त्या आधी बाहेरचं कुणी आलं होतं घरी?”

“कोन येतंय? आईच गेली व्हती आदल्या दिशी, नरसीला, नामदेवाच्या दर्शनाला. ऑपरेशनचा नवस म्हने.” मग त्यानं डोळे बारीक केले. “मला काहून विचारून राहिल्या? सातबारा माझ्या नावावर करा म्हनलो मी आप्पाला, हे खरं हाय. पन म्हनून त्यांना कॅन्सर लावीन का?”

माणूस लोभी होता. बोलला मात्र ते लपवून नाही. करुणाला त्याचा राग येता येता राहिला.

ती जिना चढून वर गेली. दाराआडून आवाज आला, “कोन?”

“करुणा, काका. हिंगोलीची.”

“ती चिठ्ठीवाली? बाई, फाशीच्या कैद्याला तारीख सांगत्यात, तवा त्याला बरं वाटत आसंल का?”

“काका, नमुन्यात गडबड असू शकते. मी त्याच्यासाठीच—”

“गडबड आसती तर डॉक्टरनं बोलावलं आसतं का? जावा तुमी.” आणि आतली कडी आणखी एकदा तपासल्याचा आवाज आला.

खाली द्वारकाबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या. सुनेला पंधरा दिवसांपूर्वी मुलगा झाला होता. बाईंचे डोळे खोल गेले होते, पण हातानं चहाचं आधण ठेवलंच.

“लेकरू गोड आहे हो काकू,” करुणा म्हणाली.

“व्हय. त्याची वार परसात पुरली. अंगातलं निघालेलं वर ठिवत न्हाईत, मातीला द्याचं. मंग लेकराचं पाय घराला लागतेत.” त्या थांबल्या. चहा गाळता गाळता, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं, “गडबड हाय म्हनलात वर. मंग नरसीच्या घरी बी कागद गेला का?”

करुणा कपबशी पुढे करता करता थांबली.

नरसीचं नाव या घरात तिनं एकदाही काढलं नव्हतं.

४

तिनं तिथल्या तिथे काही विचारलं नाही. जाताना फक्त परसात डोकावली. लिंबाच्या बुंध्याशी ओली माती थापलेली होती; ती वार. आणि तिच्यापासून चार हात लांब, शेवग्याखाली, एक पाटा-वरवंट्याचा तुटका दगड, त्यावर कुंकू. दगडाभोवती गवत वाढलेलं. पंधरा दिवसांत गवत एवढं वाढत नाही.

काळीपिवळी जीपनं हिंगोली, तिथून दुसरी गाडी, नरसीला पोचेपर्यंत दुपार झाली. जळबाच्या दोन एकरांच्या कडेला कढई चढली होती. हळद शिजत होती आणि अख्ख्या शिवारात तिचा उग्र ओला वास भरला होता. जळबा पासष्टीचा, काटक, तोंडानं अखंड चालू.

“याऽ याऽ, चिठ्ठीवाल्या बाई! आमची चिठ्ठी काहून आडकली? पास केलं का नापास?” आणि स्वतःच खो खो हसला. “व्यंकटराव कसे हायेत? हैदराबादला माझ्या शेजारच्या खाटंवर व्हते. मोठा मानूस, पन नळी घातल्यावर समदे सारखेच बोंबलतेत.”

करुणानं हसण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. या हसणाऱ्या माणसाच्या शरीरात काय दडलेलं असेल, हे कदाचित तिच्या पर्समधल्या ठोकळ्यांत होतं.

घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर; तिच्या स्वतःच्या आईच्या घरात होती तशीच. जळबाची बायको केशरबाई चुलीशी होती. करुणानं दवाखान्याची फाईल मागितली. केशरबाईनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. डबा निम्मा हळदीच्या पुडीनं भरलेला, आणि त्यात खोचलेली फाईल, लखोटा, सगळं पिवळंजर्द.

“हळदीत कशाला हो मावशी?”

“मुंग्या, वाळवी लागत न्हाई. ठोकळा बी यातच व्हता. आमच्या शेजारनी म्हनल्या, मानसाच्या अंगाचा तुकडा घरात ठिवू नको, पुरून टाक. आमी न्हाई मानत असलं. डॉक्टरनं जपून ठिवा म्हनलं, ठिवलं.”

करुणानं फाईल उलटली. शेवटच्या पानावर दवाखान्याची नोंद: ‘मेणाचे ठोकळे – दोन. रुग्णाच्या पत्नीकडे सुपूर्द.’

दोन. डिसेंबरात केशरबाईनं तिला एकच दिला होता.

“मावशी, दुसरा कुठंय?”

केशरबाईनं चुलीत फुंकर घातली. मग पुन्हा घातली, जाळ चांगला पेटलेला असताना.

“एकच व्हता,” ती म्हणाली.

५

त्या संध्याकाळी हिंगोलीला परतताना करुणानं मनाशी सगळं मांडून पाहिलं.

व्यंकटरावांच्या घरून आलेला लखोटा पांढराशुभ्र होता आणि त्यातला ठोकळा पिवळा. ऑपरेशनपासून डिसेंबरपर्यंत ज्या लखोट्यात ठोकळा राहिला, तो लखोटा कोरा कसा राहील? म्हणजे तो ठोकळा त्या लखोट्यात राहिलेलाच नव्हता. तो हळदीत राहिला होता, जळबाच्या डब्यात, आपल्या जोडीदाराशेजारी. दवाखान्यानं दोन दिले, केशरबाईनं करुणाला एक दिला. दुसरा एका दिवसासाठी दर्शनाला आलेल्या बाईबरोबर जवळा बाजारला गेला. जाताना पट्टीवरचा नंबर नखानं खरवडला गेला.

म्हणजे कागदावरचा मोठा धोका जळबाचा होता. दोन्हीकडे तोच. आणि व्यंकटरावांचा खरा ठोकळा? ज्या घरात अंगातलं निघालेलं मातीला देतात, त्या घरात तो कुठे गेला असेल, हे विचारायचीही गरज नव्हती.

एकच कळत नव्हतं. द्वारकाबाईंना तीन आठवडे नवरा कडी लावून बसलेला दिसत होता. एक वाक्य बोलल्या असत्या तर दार उघडलं असतं. मग गप्प का?

रविवारी सकाळी ती पुन्हा त्या परसात उभी होती. द्वारकाबाई मोरीवर भांडी घासत होत्या. करुणा काही न बोलता शेवग्याखालच्या दगडाशी जाऊन बसली.

बाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

“काकू, मीच खणू का?”

द्वारकाबाई तिथेच, ओल्या फरशीवर बसल्या. “उकरू नका. मी सांगते.” आणि पदरात तोंड घालून रडल्या.

“हैदराबादहून आलो अन् मी तो तुकडा बोळक्यात घालून पुरला. लेकराची वार पुरतेत तसा. वाटलं, मालकाचं दुखनं मातीत जाईल. डिशेंबरात तुमचा निरोप आला, ठोकळा काढून ठिवा. रुद्र मागं लागला. मालकाला काय सांगू? डॉक्टरची वस्तू मातीत घातली म्हनून? त्यांचा राग तुमाला म्हाईत न्हाई. केशरकडं गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा रात्री एकाच सतरंजीवर काढल्या आमी; तिचे दोन ठोकळे तवाच पाह्यले व्हते मी.”

“आणि त्यांनी दिला?”

“वाटीभर साखर द्यावी तसा दिला. म्हनली, न्या बाई, ऑपरेशन एकच, डाक्टर एकच, मेन बी एकच. मला बी तसंच वाटलं. चिठ्ठीसाठी ठोकळा दाखवायचा आसतो, इतकंच. त्यात मानूस वाचता येतो, हे कुनाला ठावं?”

“पण कागद आला तेव्हा तर कळलं ना? तीन आठवडे तुम्ही—”

“कळलं!” द्वारकाबाईंनी मान वर केली. “पयल्याच रात्री कळलं. हे माझ्या मानसाचं न्हाई, तिच्या मानसाचं हाय. मी तोंड उघडलं तर माझ्या घराची कडी निघती अन् तिच्या घराची लागती. जिनं मला झाकलं, तिच्याच दारात हे घेऊन जाऊ? रोज ठरवायची उद्या सांगते. मालकाच्या दाराशी ताट ठिवायची अन् खाली यायची. कुठं पळू सांगा!”

करुणाला रागवायचं होतं. सोमवार उद्यावर आला होता, दोन माणसांचा जीव टांगणीला लागला होता. रागवायला हवंच होतं. पण तिनं स्वतःही एका कपभर चहासाठी तोंड बंद ठेवलं होतं. ती उठली आणि बाईंच्या शेजारी फरशीवर बसली.

“आता दोघी मिळून सांगू,” ती म्हणाली.

“कोनाला सांगता?”

मागच्या दारात व्यंकटराव उभे होते. दाढी वाढलेली, अंगात बंडी. पातेलं पडल्याचा आवाज ऐकून खाली आले होते. किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. मागोमाग आलेल्या रुद्रनं बापाचा हात धरला.

व्यंकटरावांनी तो सोडवला, शेवग्यापाशी गेले आणि दगड स्वतः उचलला. वीतभर खाली मातीचं बोळकं होतं, तोंडाला कापड बांधलेलं. आत मेणाचा ठोकळा. पांढरा. नंबर शाबूत. करुणानं तो व्यंकटरावांच्या दवाखान्याच्या फाईलशी पडताळून पाहिला, त्यांचाच होता.

म्हाताऱ्यानं मोठा श्वास घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना हसताना पाहिलं. ते हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं.

“मंग तो कागद,” ते सावकाश म्हणाले, “जळबाचा?”

द्वारकाबाईंनी मान हलवली.

“ह्याच्यात काय निघंल ते निघंल.” त्यांनी बोळकं करुणाच्या हातात दिलं. “आज मला म्हाईत न्हाई, तर न्हाई. उद्याची माझी तारीख जळबाला द्या. जीप रुद्र घेऊन जाईल नांदेडपत्तोर, पुढं रातची रेल्वे हाय.” मग बायकोकडे न बघता बोलले, “अन् हिला बी न्या. जिथून आनलं तिथं तिलाच सांगू द्या.”

६

प्रियदर्शनी मॅडमनी फोनवर सगळं ऐकलं. दोन्ही ठोकळे, दोन्ही लखोटे, दोघांचं रक्त, पुरलेला ठोकळा, सगळं घेऊन या म्हणाल्या. तारीख जळबाच्या नावावर केली. करुणानं आपली चूकही सांगितली, चहासकट. “ते लिहून दे,” मॅडम म्हणाल्या, “नियमांच्या वहीत घालू.”

दुपारी जीप नरसीला पोचली. जळबा कढईवर होता. केशरबाई दारात आली, जीपमधून उतरणारी द्वारकाबाई तिनं पाहिली, आणि काही विचारायच्या आधीच तिचा चेहरा उतरला.

द्वारकाबाई आत गेल्या. करुणा उंबऱ्याशीच थांबली. करुणानं बरंच काही बोलायचं ठरवून आणलं होतं. बाईंनी एकाच दमात सांगून टाकलं.

“केशर, तू दिलेल्या ठोकळ्यात आजार परत येनार आसं निघालं. ते माझ्या घरी आलं. तुझ्या घरचं व्हतं. तीन आठवडे म्या दाबून ठिवलं. उद्या किरनाची तारीख हाय, अजून वेळ गेली न्हाई. मला काय मारायचं ते मार.”

केशरबाई हलली नाही. बाहेरून जळबाचा आवाज आला, “कोन आलंय गं? चिठ्ठी आली का आपली?”

तिनं तोंडावर हात दाबला. हळदीनं माखलेला हात. गालांवर पाच बोटं उमटली. करुणाला वाटलं, आता ही बाई हाकलून देईल, आणि देईल तर बरोबरच करील.

“आली,” केशरबाईनं बाहेर ओरडून सांगितलं. आवाज चिरकला. “हात धुवून या.”

मग ती द्वारकाबाईंकडे वळली. “तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे हसून राहिला त्यो बाहीर. ते तुमीच दिले म्हनायचं की तुमीच खाल्ले, मला आज कळत न्हाई. मंग कवातरी भांडीन तुमच्याशी.” ती फळीवरचा पत्र्याचा डबा काढू लागली. झाकण गच्च बसलं होतं, निघेना. द्वारकाबाईंनी पुढे होऊन डबा धरला, आणि झाकण दोघींनी मिळून काढलं.

“मला त्या शहरातलं काय बी कळत न्हाई,” केशरबाई फाईल झटकत म्हणाली. “मागल्या बारीला तुमी व्हत्या.”

जळबा दारात येऊन उभा राहिला. आधी बायकोच्या गालावरची पाच बोटं पाहिली, मग पाहुणीला, मग करुणाला. त्याचं हसू हळूहळू विझलं, तसं करुणानं मान खाली घातली.

जीपच्या मागच्या सीटवर एक वळकटी पडली होती. करुणाला वाटलं होतं ती व्यंकटरावांची, चुकून राहिलेली. द्वारकाबाई बाहेर गेल्या आणि तीच वळकटी काखेत मारून आल्या. तिच्यातून जाड सतरंजीचं टोक लोंबत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा रात्री दोघी जिच्यावर झोपल्या होत्या, ती.

“मी येते ना संगं,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर आनली.”